डोंगराचा दुसरा भाग

दुपारी जेवणं उरकल्यापासून चहाची वेळ होईपर्यंतचा वेळ आमच्या घरात कुणाचाच नसतो, म्हणून तो माझा. धनराज, म्हणजे आमचे हे, केबलची भेंडोळी खांद्यावर टाकून कुणाच्या तरी गच्चीवर गेलेले असतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई वत्सलाबाई, सकाळीच झेंडू खुडून, करंड्या फुलबाजारात धाडून, पुढच्या खोलीत टीव्हीसमोर आडव्या झालेल्या असतात. उरतो आम्ही दोघी, मी आणि जुई. जुईला दुपारी झोपायचं नसतं आणि मला तिला झोपवायचं नसतं, कारण ती झोपली की मला लगेच भांडी दिसायला लागतात.

आम्ही दोघी मागच्या खोलीत बसायचो. पूर्वी तिथे फुलांच्या करंड्या ठेवत. भिंतींना अजूनही झेंडूचा वास आहे. आता तिथे धनराजचं सगळं यंत्रकाम होतं. फळीवर सीडी प्लेअर, एक छोटा टीव्ही, वायरींचं जंगल आणि निवेदनाचा माईक. तेव्हा प्रत्येक भागाचा आपापला केबलवाला असायचा आणि प्रत्येक केबलवाल्याचा स्वतःचा एक चॅनल. नाशकात मखमलाबाद रोडच्या आमच्या बाजूला तो धनराजचा. सकाळी आरत्या, संध्याकाळी नवा सिनेमा, मधूनच माईकवरून निवेदन, की उद्या पाणी येणार नाही, किंवा अमक्यांची तपकिरी शेळी सापडली आहे. दुपारी मात्र काहीही लावलं तरी चालायचं, कारण दुपारी कुणी बघत नाही, असं धनराजचं मत होतं.

चित्राखालून जाहिरातींची पट्टी सरकायची. त्या उन्हाळ्यात ती पूर्णपणे गोरक्षशेठच्या मालकीची होती. पुढच्या वर्षी कुंभमेळा, रस्त्यांची कामं जोरात, त्यामुळे ‘कपिला स्टोन क्रशर, खडी, डबर, मुरूम, घरपोच’ ही अक्षरं पौराणिक सिनेमाखालूनही जायची आणि बलात्काराच्या बातमीखालूनही.

एके दिवशी धनराजनी मेन रोडवरून सीड्यांचा एक गठ्ठा घाऊक आणला. त्यात एक कार्टूनचा सिनेमा निघाला. वेष्टनावर हिरवा डोंगर आणि त्याच्या पायाशी एवढीशी मुलगी. भाषा जपानी असावी. खाली इंग्रजी ओळी येत होत्या, पण नेमक्या त्यांच्यावरूनच गोरक्षशेठची खडी आणि मुरूम जात होता. त्यामुळे मला कधी वाक्याची सुरुवात दिसायची, कधी शेवट. मधलं मी भरत होते. बी.ए.ला दुसऱ्या वर्षापर्यंत माझं इंग्रजी होतं, तेवढ्या पुंजीवर ते जमत होतं.

“आई, हा कोण?”

“हा डोंगर.”

“झोपलाय?”

“हो. आजीसारखा, एका कुशीवर.”

“घोरतो?”

“ऐक की. घोरतोच आहे.”

सिनेमा सुंदर होता, हे मी आताही सांगते. डोंगर श्वास घ्यायचा, तशी त्याच्या अंगावरची झाडं हलायची. गावातली माणसं रोज येऊन त्याची पाठ खणायची, दगड न्यायची. ती लहान मुलगी तेवढी त्याच्या कानाशी जाऊन काहीबाही बोलायची. तिचं जपानी नाव मला कळलं नाही. जुईनं तिचं नाव चिमणी ठेवलं. मी एकेक प्रसंग सांगत होते, मधूनमधून जुईला भरवत होते.

“पिठलं का ठेवलंस ताटात?”

“खारट आहे.”

“खारट झालंय खरं. पण आजीला नाही हं सांगायचं. आपलं दोघींचं.”

मग एका सकाळी डोंगर उठला. आधी एक खांदा, मग दुसरा. पक्षी उडाले, धूळ झाली, आणि तो सरळ चालायला लागला. ओढा त्याच्या मागून शेपटीसारखा ओढला जाऊ लागला. माणसं हंडे घेऊन ओढ्यामागे धावली. सगळ्यांच्या मागे राहिली चिमणी. ती हाक मारते, डोंगर थांबतो, मागे वळतो, आणि तिथेच पडद्यावर अक्षरं आली की दुसरी सीडी घाला.

दुसरी सीडी घातली. चित्राचे चौकोन झाले, चौकोनांचे ठिपके झाले आणि यंत्र कण्हून थांबलं. पुसली, फुंकली, परत घातली. काही नाही.

दारात आत्याबाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, चेहरा गंभीर.

“सूनबाई, पिठल्याचं ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “त्या डोंगराचं पुढं काय झालं त्ये सांग.”

मी माईककडे पाहिलं. तपकिरी शेळीचं निवेदन करून धनराज तसेच निघून गेले होते. माईकचा लाल दिवा चालू होता. आत्याबाईंचं घोरणं, पिठल्याचं मीठ आणि डोंगराचं गाऱ्हाणं, सगळं मखमलाबाद रोडच्या अर्ध्या घरांत जाऊन आलं होतं. दुपारी कुणी बघत नाही हे मत तेवढं धनराजचं होतं.

मी बटण बंद केलं आणि फोन वाजायला लागला.

पहिला फोन कलाबाईंचा. मागच्या गल्लीत राहतात, त्यांचाही फुलांचाच मळा.

“सुवर्णा, अगं मधीच बंद का केलं? आलं का त्ये डोंगार माघारी?”

“सीडी खराब आहे हो, काकू.”

“सीडी खराब आसंल. तुला तं ठावं आसंल ना? दसऱ्याच्या आत आलं का नाय? वढा गेला तं झेंडूला पानी कुठलं?”

मला काय ठाऊक असणार? पण त्यांच्या आवाजात खरोखरची काळजी होती. जुई मांडीवर बसून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “आला काकू. ओढा घेऊन आला. दसऱ्याच्या आधीच.”

“बरं झालं बया,” कलाबाईंनी सुस्कारा सोडला. “लय जीवाला लागलं व्हतं.”

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी न पाहिलेल्यांना सांगितलं, आणि न पाहिलेल्यांची मतं जास्त ठाम होती. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, “वहिनी, चित्रपट बरा आहे, पण बोध काय? बोधाशिवाय लहान मुलांना काही दाखवू नये.” मी त्यांना सांगितलं, की प्रत्येकानं एकेक झाड लावलं तेव्हा डोंगर परतला. ते म्हणाले, “वृक्षारोपण घेतलं आहे ना, मग हरकत नाही.” जणू दिग्दर्शक त्यांचा विद्यार्थीच.

गोरक्षशेठनी धनराजला मागितलं होतं, पण फोन मी उचलला.

“वहिनी, हे बरं नाही. वर डोंगर पळतोय आणि खाली माझी जाहिरात. लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, शेठ, तुमच्यामुळेच गेला का?”

“नाही हो शेठ,” मी घाईनं म्हटलं. “तो काही रागावून गेला नव्हता. पाठ आखडली होती, म्हणून जरा पाय मोकळे करायला गेला. पुढच्या भागात येऊन बसतो. वर म्हणतो, या बाजूनं थोडा मुरूम काढला तरी चालेल.”

“असं म्हणतो?”

“स्पष्ट म्हणतो.”

“बघा!” गोरक्षशेठचा आवाज एकदम मोकळा झाला. “मी हेच सांगतो लोकांना. डोंगरालासुद्धा थोडं हलकं वाटत असणार.”

आत्याबाईंची मागणी सगळ्यांच्या उलट होती. “त्यो आला नसंल परत,” त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “येऊबी नाही. घरात कुणी इचारीत नाही, नुसतं लुटत्यात, तं मानसानं काय करावं? उठून जावं.” हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण पिठल्याला चारच दिवस झाले होते. मी म्हटलं, “नाहीच आला आत्याबाई. रोज विचारपूस करतात अशा गावी जाऊन बसला.” “झ्याक केलं,” त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी मला दोडक्याच्या शिरा काढायला लावल्या नाहीत.

आणि ठमाबाई. ती सुरगाण्याकडची, दर हंगामात मळ्यावर कामाला येते. तिनं सिनेमा खिडकीतून पाहिला होता.

“तो डोंगर निघाला तं कुठशी निघाला?” तिनं विचारलं. “नाशकाला येतो का?”

“का गं?”

“आमचा डोंगरबी आला तं बरं होईल. जीपच्या टपावर बसून जीव जाहे. घरच हिकडं चालत आलं तं कोन जातंय?”

“इकडेच येतोय,” मी म्हटलं.

“मंग मोठी जागा बघून ठेवा,” ठमाबाई म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली.

ज्याला जो शेवट हवा तो मी दिला. सगळे खूश होते, मलाही मजा वाटत होती. लग्न झाल्यापासून इतक्या लोकांनी मला इतक्या वेळा काही विचारलं नव्हतं, आणि मी काय सांगते ते ऐकायला थांबलंही नव्हतं. एकच चूक झाली. प्रत्येक वेळी जुई माझ्या कडेवर, मांडीवर नाहीतर पदराला धरून होती.

जून जवळ आला. जुईला बालवाडीत घालायचं ठरलं होतं. निळा फ्रॉक आला, पाण्याची बाटली आली, आणि एका दुपारी फ्रॉक घालून बघताना मी तिला सांगितलं, “मी तुला सोडायला येणार, आणि शाळा सुटायच्या आधीच दारात उभी असणार. तू बाहेर आलीस की मी दिसेनच.”

जुईनं बटण लावून घेता घेता विचारलं, “हे खरं, का फोनवरचं?”

“म्हणजे?”

“डोंगर परत आला ते फोनवरचं. नाही आला तेपण फोनवरचं. हे कुठलं?”

मी हसायला गेले, पण हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. तिला फक्त माहिती हवी होती.

त्यानंतर ते रोजचंच झालं. कपडे वाळत घालायला गच्चीवर जाताना “आलेच” म्हटलं, की ती पायऱ्या चढून मागे यायची. आधी ती तासन्‌तास एकटी खेळायची, आता मी न्हाणीघरात गेले तरी दाराशी बसून राहायची आणि मधूनमधून खात्री करायची, “आहेस?” डॉक्टरांकडे इंजेक्शन घेताना मी म्हटलं, दुखणार नाही. ती डॉक्टरांना म्हणाली, “आईला नका विचारू.”

हे कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, एका कार्टूनपायी काय हे. पण मला दिसत होतं. शाळेच्या दारात मी तिचा हात सोडवणार, येते म्हणणार, आणि तिला ते खरं वाटणार नव्हतं. ज्या एका वाक्यावर तिला परक्या खोलीत बसायचं होतं, ते वाक्य मी घरोघर वाटून संपवून टाकलं होतं.

इकडे पिठाच्या गिरणीत भांडण पेटलं. कलाबाई म्हणाल्या, डोंगर दसऱ्याला आला. मुख्याध्यापक म्हणाले, दसऱ्याचा प्रश्न नाही, वृक्षारोपणानंतर आला. गोरक्षशेठचा मुकादम म्हणाला, गेलाच नव्हता, फिरायला गेला होता. आत्याबाई दळणाचा डबा घेऊन तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्याच घरचं चॅनल हाय. त्यो आलाच नाही.” गिरणीवाल्यानं शेवटी पट्टा बंद केला.

संध्याकाळी धनराज डोक्याला हात लावून बसले.

“तू कुणाकुणाला काय काय सांगितलंस?”

“ज्याला जे हवं ते.”

“अगं, पण डोंगर एकच आहे ना!”

लोकांनी त्यांना रस्त्यात धरलं होतं. खरा शेवट दाखवा, नाहीतर पलीकडच्या केबलवाल्याची वायर घेतो. धनराजनी मेन रोडची दुकानं पालथी घातली आणि तोच सिनेमा पुन्हा मिळवला. दुसरी सीडी घरी शेवटपर्यंत लावून पाहिली नाही. चालते का, एवढंच पाहिलं. पट्टीवर खडी-मुरुमाच्या मध्ये ओळ टाकली, ‘उद्या दुपारी, डोंगराचा दुसरा भाग, खरा शेवट’.

“तूच बोल,” ते मला म्हणाले. “लोकांना तुझाच आवाज पाहिजे. आणि हे बघ, डोंगर परत आण.”

“नसेल आला तर?”

“चित्र संपलं की म्हणायचं, आणि मग तो परत आला. चित्र संपल्यावर कोण बघतंय?”

मी म्हटलं, “एक करा. उद्या ती खालची पट्टी काढा.”

“गोरक्षशेठची?”

“मला इंग्रजी वाचायचंय.”

“अगं, वर्षाची जाहिरात आहे त्यांची!”

“मग मी बोलत नाही. तुम्ही बोला.”

धनराज खांबावर चढतील, भिंतीला भोक पाडतील, पण माईकवर शेळीपलीकडे त्यांना काही सुचत नाही. ते पट्टी काढतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूला रस्त्यावर कुत्रं नव्हतं. कलाबाईंकडे दोन घरांच्या बायका जमल्या होत्या, मुख्याध्यापकांनी नातवंडं रांगेत बसवली होती. आत्याबाई पुढच्या खोलीत पाय पसरून, पण जाग्या. मी माईक लावला. जुई मांडीवर होती. ती पडद्याकडे पाठ करून बसली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली.

“तिकडे बघ ना.”

“तू सांग.”

मी वाचत गेले. पट्टी नसल्यामुळे सगळं स्वच्छ दिसत होतं आणि सांगायला माझं असं काही उरलं नव्हतं. शब्द अडला की मी थांबत होते. नाही कळलं तर, “हे मला कळलं नाही,” असं माईकवर म्हणत होते. चिमणी डोंगराच्या मागे चालते. माणसं हंडे घेऊन तिच्या मागे. खूप दिवस चालून डोंगर समुद्राशी येतो आणि पाण्यात उतरून बसतो. त्याचं बेट होतं. पक्षी येऊन त्याच्यावर उतरतात. किनाऱ्यावरून चिमणी हाक मारते. डोंगर म्हणतो, आता मला उठता येणार नाही. तुला पाय आहेत.

फोन वाजायला लागला. मी उचलला नाही. दारात धनराज दोन्ही हातांनी काहीतरी ओढून आणल्यासारखी खूण करत होते, आण, आण त्याला.

माणसं गावी परत गेली. डोंगर होता तिथे आता मोकळं आभाळ होतं. त्यामुळे गावात सकाळ लवकर व्हायला लागली. पूर्वी सूर्याला डोंगर चढून यावं लागे, आता तो सरळ घरात यायचा. त्या जादा उजेडाचं करायचं काय ते कुणालाच कळेना. लोक लवकर उठून एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचे. चिमणी मोठी झाली. त्या उजेडात उंबऱ्यावर बसून ती काहीतरी शिवत होती. एवढंच. मग जपानी अक्षरं वर सरकायला लागली.

“आता येतो?” जुईनं विचारलं.

माईक चालू होता. धनराजनी हात जोडले होते.

“नाही,” मी म्हटलं.

“नंतर?”

“संपलं, जुई. तो नाही आला.”

तिनं माझा चेहरा नीट तपासला, एखाद्या वस्तूला चीर गेली आहे का बघतात तसा. आणि मग रडली. हट्टाचं रडणं नव्हतं. ती मोठ्या माणसासारखी रडली, आवाज आत ओढून. माझ्या जिभेवर आलंच होतं, अगं येईल हं, दुसऱ्या सिनेमात येईल. ते गिळायला जेवढं बळ लागलं तेवढं मला बाळंतपणातही लागलं नव्हतं. मी तिला नुसतं धरून बसले. तेही सगळं अर्ध्या मखमलाबाद रोडनं ऐकलं.

मग प्रेक्षकांची मतं आली. कलाबाई म्हणाल्या, “डुप्लिकेट सीडी हाय. खऱ्यात त्यो आलाय, मी सोता तुझ्या तोंडून ऐकलंय.” मुख्याध्यापक म्हणाले, “परदेशी लोकांना चित्रं छान येतात, शेवट येत नाही. तुमचा होता तोच ठेवायचा.” कुणीतरी नाव न सांगता म्हणालं, लेकराला रडवलं, आई आहे की कोण. आत्याबाई म्हणाल्या, “मी तवाच म्हणलं व्हतं,” आणि गिरणीकडे निघाल्या, दळण नसताना.

गोरक्षशेठ स्वतः आले. धनराज त्यांना समजावू लागले, की शेवट सिनेमावाल्यांचा आहे, आपला नाही, डोंगर काही आपण घालवला नाही.

“डोंगर कुठे गेला त्याचं मला काय करायचंय?” गोरक्षशेठ ओरडले. “माझी पट्टी कुठे गेली ते सांगा!”

ठमाबाईचं मत तेवढं राहिलं. भाताची रोपं टाकायला ती आधीच गावी निघून गेली होती. तिच्या हिशेबी डोंगर अजून नाशिकच्या वाटेवर असणार.

पुढच्या आठवड्यात लोकाग्रहास्तव धनराजनी पहिला भाग परत लावला, फक्त पहिला, खाली खडी-मुरूम, वर माझा जुना आवाज नाही म्हणून नुसतं जपानी. सगळ्यांनी आवडीनं पाहिला. डोंगर वळून बघतो तिथे तो संपला, आणि एकाही घरातून फोन आला नाही. पुढचं सगळ्यांना आपापलं पाठ होतं.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. बालवाडीच्या फाटकाशी रडारडीचा बाजार भरला होता. बाई एकेका मुलाला आईपासून सोडवून आत नेत होत्या, टोमॅटो देठापासून खुडावा तसं. आमची पाळी आली. मी खाली वाकले.

“मी इथेच असेन. सुटलीस की दिसेन.”

जुईनं माझ्याकडे पाहिलं. ती विचारेल म्हणून मी वाट बघत होते, पण तिनं विचारलं नाही. हात सोडला आणि बाटली सावरत आत गेली.

गंमत अशी, की गेलं वर्षभर मी या वेळेची वाट बघत होते. जुई शाळेत, आत्याबाई मळ्यात, आणि मी घरात एकटी. कितीतरी बेत होते. वाचनालयात नाव घालायचं, न्हायचं निवांत, नुसतं पंख्याखाली पडायचं. बाकीच्या आया बोलत बोलत घरोघर गेल्या. मला मात्र फाटकापासून हलवेना. तिनं विश्वास ठेवला होता, म्हणजे आता तो सांभाळणं आलं. रिक्षा बंद पडली तर? आत्याबाईंनी काही काम काढलं तर? समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर पदर डोक्यावर घेऊन मी बसून राहिले. दुकानदार येऊन विचारून गेला, कुणाला भेटायचंय का.

शाळा सुटली. जुई बाहेर आली, मला बघून तिला काहीच आश्चर्य वाटलं नाही. तिच्या मागून बाई आल्या.

“तुमची मुलगी शहाणी आहे हो. तो स्वराज आहे ना, सकाळपासून आईसाठी नुसता रडत होता. कुणाला ऐकेना. हिनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि गप्प झाला. मी विचारलं, तर म्हणे तुझी आई बाहेरच बसली आहे, मी बघितलंय, असं सांगितलं.”

स्वराजची आई मला आठवत होती. हिरव्या साडीतली, सगळ्यांत आधी गेलेली. स्कूटर चालू ठेवूनच तिनं मुलाला उतरवलं होतं.

वाटेत मी विचारलं, “तू स्वराजच्या आईला पाहिलंस?”

“नाही.”

“मग?”

“तो रडत होता ना,” जुई म्हणाली. थोडं चालून ती थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली होती. “उद्या तू तिला सांग ना, बाहेर बस म्हणून.”

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी स्वराजच्या आईला गाठून जुईचं म्हणणं सांगितलं. त्यांना घरी पापड वाळत घालायचे होते. त्या आधी माझ्यावर चिडल्या, मग हसल्या, मग मुलाच्या पाठमोऱ्या दप्तराकडे बघत माझ्याबरोबर रस्ता ओलांडून आल्या. पायरीवर पदरानं धूळ झटकून बसल्या.

“असं किती दिवस बसायचं हो?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हटलं.